वनस्पतींचा नकाशा आणि वनांचे नियोजन : म्हैसूरच्या पत्रकाचे धडे

म्हैसूर शहराच्या पूर्व भागात नजरबाद ही जुनी वस्ती आहे. टिपू सुलतानाने म्हैसूरचा किल्ला पाडला, त्याचे दगड जवळच्याच एका उंचवट्यावर नेले आणि तेथे नजरबादचा नवा किल्ला उभारण्यास आरंभ केला. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणचा पाडाव झाला, वोडेयर घराण्याची पुनःस्थापना झाली आणि तेच दगड पुन्हा म्हैसूरला आणून जुना किल्ला बांधून काढण्यात आला. दगड असा नेता येतो आणि परतही आणता येतो. लाकडाचे तसे नसते. याच शहरातील जुना लाकडी राजवाडा 1897 मध्ये आगीत भस्मसात झाला. त्या जागी 1912 पर्यंत नवा राजवाडा उभा राहिला. परंतु सागाचा एक पूर्ण घेराचा वृक्ष वाढण्यास साठ ते ऐंशी वर्षे लागतात आणि तेवढी वाट पाहण्याची सोय कोणत्याही बांधकामाच्या अंदाजपत्रकात नसते.

वननियोजनाचा मूळ प्रश्न नेमका हाच आहे. आज जे तोडावयाचे ते दोन पिढ्यांपूर्वी उगवलेले असते आणि आज जे राखले जाईल ते दोन पिढ्यांनंतर उपयोगी पडेल. अशा दीर्घ मुदतीच्या व्यवहारात चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : कोणते वन कोठे आहे, ते कोणत्या अवस्थेत आहे, त्यात साठा किती आहे आणि दरवर्षी भर किती पडते. यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर वनस्पती-नकाशा देतो आणि उरलेल्या दोहोंच्या उत्तराचा पाया घालतो. हा नकाशा कसा तयार होतो, तो कसा वाचावा आणि कोठे त्याच्यावर विसंबू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात म्हैसूर परिसर व त्याला जोडलेला पश्चिम घाट यांच्या उदाहरणाने केला आहे.

नकाशापूर्वीच्या नोंदी

म्हैसूरच्या वनांविषयीची पद्धतशीर माहिती दोनशे वर्षांहून जुनी आहे. टिपूच्या पाडावानंतर लगेचच कॉलिन मॅकेन्झी यांच्या नेतृत्वाखाली म्हैसूर राज्याची पाहणी सुरू झाली. 1800-01 मध्ये फ्रान्सिस बुकानन यांनी म्हैसूर, कानडा व मलबार या प्रदेशांतून प्रवास करून पिके, माती, व्यवसाय यांबरोबरच जंगलातील वृक्षांची स्थानिक नावे आणि त्यांच्या लाकडाचे उपयोग टिपून ठेवले. या नोंदी मोलाच्या असल्या तरी त्या याद्या होत्या. कोणते झाड आहे हे त्यांतून कळत असे. ते किती क्षेत्रावर आहे हे कळत नसे.

1856 मध्ये ब्रह्मदेशातील पेगू येथे सागवनांचा कारभार हाती घेतलेल्या डीट्रिच ब्रँडिस यांनी मोजणीची एक साधी रीत वापरली. ठरावीक मार्गाने वनातून जाताना दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या सागांची त्यांच्या घेरानुसार चार गटांत विभागणी करावयाची आणि प्रत्येक गटासाठी एक बांबूची काठी ठेवून झाडागणिक तिच्यावर खाच पाडावयाची. दिवसाअखेरीस खाचा मोजल्या की त्या पट्ट्यातील साठ्याचा अंदाज हाती येई. भारतातील शास्त्रीय वनव्यवस्थापनाची ही सुरुवात मानली जाते. 1864 मध्ये भारत सरकारचा वनविभाग स्थापन झाला आणि ब्रँडिस त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. म्हैसूर संस्थानातही त्याच वर्षी वनविभाग सुरू झाला. मात्र या रीतीत एक उणीव होती. वाट जेथून जाते तेथील वन मोजले जाते. जेथे वाट नाही तेथील वनाविषयी केवळ तर्क करावा लागतो. ही उणीव दूर करावयाची तर आधी संपूर्ण क्षेत्राचे चित्र डोळ्यांपुढे हवे.

मर्कारा-म्हैसूर पत्रक

असे चित्र तयार करण्याचे मोठे काम पुदुच्चेरी येथील फ्रेंच इन्स्टिट्यूटने केले. 1955 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने आंरी गोसाँ यांच्या मार्गदर्शनाखाली आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सहकार्याने 1:10,00,000 या प्रमाणावर वनस्पती-नकाशांची मालिका हाती घेतली. पी. लग्री, व्ही. एम. मेहेर-होमजी आदी शास्त्रज्ञांचा या कामात वाटा होता. या मालिकेत 1965 मध्ये म्हैसूरचे आणि 1966 मध्ये मुंबईचे पत्रक प्रसिद्ध झाले. त्यानंतर झाँ-पिएर पास्कल यांनी पश्चिम घाटाच्या वनांचे अधिक तपशीलवार, 1:2,50,000 प्रमाणावरील नकाशे सिद्ध केले. 1982 मध्ये शिमोगा आणि मर्कारा-म्हैसूर ही पत्रके निघाली. मर्कारा म्हणजे आजचे मडिकेरी. 1984 मध्ये बेळगाव-धारवाड-पणजी हे पत्रक आले. मराठी वाचकांच्या दृष्टीने ते विशेष महत्त्वाचे आहे, कारण गोवा आणि सीमाभागातील वने त्यात येतात.

या नकाशांचे वैशिष्ट्य असे की ते केवळ आज काय उभे आहे एवढेच दाखवत नाहीत. एखाद्या जागेची हवा व उंची लक्षात घेता तेथे कोणते वन वाढू शकते आणि प्रत्यक्षात ते कोणत्या अवस्थेला येऊन पोहोचले आहे, या दोन्ही गोष्टी ते एकत्र मांडतात. दाट वन, विस्कळीत वन, विरळ वृक्षांचे गवताळ रान, झुडपी रान आणि अखेर उघडे गवत, अशी अवनतीची पायरी-पायरीने नोंद त्यांत असते. नियोजनकाराला या नोंदीतून फार उपयुक्त माहिती मिळते. आज दोन ठिकाणी सारखेच झुडपी रान दिसत असेल, पण एक सदाहरित वनाच्या अवनतीतून आलेले असेल आणि दुसरे शुष्क पानझडी वनाच्या, तर दोहोंवर एकच रोपवन योजना लादणे म्हणजे पैसा आणि रोपे दोन्ही वाया घालवणे होय.

दोन उतार : पावसाचा आणि कोरड्या महिन्यांचा

मडिकेरी ते म्हैसूर हे अंतर रस्त्याने सुमारे 120 किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात वार्षिक पर्जन्यमान सव्वातीन हजार मिलिमीटरच्या आसपासवरून सुमारे आठशे मिलिमीटरपर्यंत उतरते. त्याबरोबर वनही बदलते. घाटाच्या पश्चिम उतारावर सदाहरित वन, त्यानंतर नागरहोळेच्या बाजूस साग, नाणा, ऐन यांचे आर्द्र पानझडी वन, बंडीपूरकडे धावडा, ऐन, साग यांचे शुष्क पानझडी वन आणि म्हैसूरच्या आसपासच्या माळांवर काटेरी झुडपे असा हा क्रम आहे. आंबोलीहून बेळगावमार्गे गोकाककडे जाणाऱ्या प्रवाशाला हाच क्रम थोड्याफार फरकाने अनुभवास येतो.

परंतु केवळ पावसाच्या आकड्यावरून वनाचा प्रकार ठरवणे चुकीचे ठरते. पाऊस किती पडतो याइतकेच तो किती महिने पडत नाही यालाही महत्त्व आहे. यासाठी गोसाँ यांनी एक सोपा निकष वापरला : ज्या महिन्यातील पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला असता त्या महिन्याच्या सरासरी तापमानाच्या (अंश सेल्सिअस) दुपटीपेक्षा कमी असेल, तो महिना कोरडा समजावा. महिन्याचे सरासरी तापमान 24 अंश असेल तर 48 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडलेला महिना कोरडा ठरतो. कोणत्याही तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या व तापमानाच्या नोंदी घेऊन हे गणित शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल.

या निकषाने पश्चिम घाटाकडे पाहिले की दोन उतार स्पष्ट होतात. पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे घटत जातो, तर कोरड्या महिन्यांची संख्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जाते. केरळच्या दक्षिण भागात दोन-तीन महिनेच कोरडे असतात. मुंबईला नोव्हेंबर ते मे असे सात महिने कोरडे जातात. म्हणूनच महाबळेश्वरला मडिकेरीपेक्षा कितीतरी अधिक पाऊस पडत असूनही तेथे कोडगूसारखे उत्तुंग सदाहरित वन आढळत नाही; तेथे अंजनी, जांभूळ व पिसा यांचे बुटके सदाहरित वन आहे. लाकूड उत्पादनाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. पर्जन्यमान सारखे म्हणून दक्षिणेतील वृक्षजात उत्तरेत लावली, तर पावसाळ्यात ती तग धरते आणि एप्रिल-मे मध्ये वाळते.

प्रमाणाचा प्रश्न

नकाशा हाती घेतल्यावर नियोजनकाराने प्रथम त्याचे प्रमाण पाहावे. प्रमाण बदलले की त्यावर घेता येणारा निर्णयही बदलतो.

1:10,00,000 : एक चौरस सेंटिमीटर म्हणजे 100 चौरस किलोमीटर. देश व राज्य पातळीवरील धोरणासाठी उपयुक्त.

1:2,50,000 : एक चौरस सेंटिमीटर म्हणजे 625 हेक्टर. विभाग व जिल्हा पातळीवरील प्राधान्यक्रमासाठी उपयुक्त.

1:50,000 : एक चौरस सेंटिमीटर म्हणजे 25 हेक्टर. वनविभागाच्या कार्य आयोजनेसाठी उपयुक्त.

पहिल्या नकाशावर पेन्सिलीच्या टोकाएवढा, म्हणजे एक चौरस मिलिमीटरचा ठिपका 100 हेक्टर जमीन झाकतो. एखाद्या गावाची देवराई, ओढ्याकाठचा सदाहरित पट्टा किंवा पाणथळ त्यावर उमटणार नाही. लहान प्रमाणाचा नकाशा मोठा करून भिंतीवर लावल्याने तो अधिक अचूक होत नाही. त्याच्या आधारे एखाद्या कक्षातील तोड ठरवली, तर नकाशावर नसलेले पण जमिनीवर असलेले वन नष्ट होते.

नकाशातून साठ्याकडे

नकाशा लाकूड मोजत नाही. मोजणी कोठे करावयाची हे सांगतो. एका कल्पित उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल. एका वनखंडाचे क्षेत्र 1,000 हेक्टर आहे. नकाशानुसार त्यात 400 हेक्टर दाट, 350 हेक्टर मध्यम आणि 250 हेक्टर विरळ वन आहे. प्रत्येक गटात 0.1 हेक्टरचे नमुना भूखंड आखून झाडांचा घेर व उंची मोजली असता सरासरी साठा प्रति हेक्टर अनुक्रमे 120, 60 व 20 घनमीटर आढळला. तर एकूण साठा 48,000 + 21,000 + 5,000 म्हणजे 74,000 घनमीटर होतो.

आता असे समजा की नकाशाविना मोजणी झाली आणि भूखंड सोयीच्या वाटेने, बहुतांशी दाट वनात पडले. त्यांची सरासरी प्रति हेक्टर 100 घनमीटर निघाली. एकूण साठा 1,00,000 घनमीटर मानला गेला. वार्षिक वाढ साठ्याच्या 2 टक्के धरली, तर तोडीची मर्यादा 2,000 घनमीटर ठरते. प्रत्यक्षात वाढ आहे 1,480 घनमीटर. उरलेले 520 घनमीटर दरवर्षी व्याजातून नव्हे तर मुद्दलातून जातात. दहा वर्षांच्या आयोजनेत हा तोटा 5,200 घनमीटरचा होतो. आणि मुद्दल घटल्याने व्याजही घटते, म्हणून खरा तोटा त्याहून अधिक असतो. यात कोणी चोरी केलेली नसते. सर्व कागद नियमाप्रमाणे असतात, आणि तरीही वन विरळ होत जाते.

कर्नाटकातील बांबूचा अनुभव

ही भीती केवळ कागदी नाही. कर्नाटकात बांबू हा कागद उद्योगाचा कच्चा माल म्हणून मोठ्या प्रमाणावर तोडला जात होता. बुरूड व शेतकरी यांचाही तोच आधार होता. 1970 च्या दशकाच्या मध्यास बांबूच्या साठ्याविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील माधव गाडगीळ आणि एस. नरेंद्र प्रसाद यांनी राज्य शासनासाठी या प्रश्नाचा अभ्यास केला. जमिनीवर मोजणी केल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली, उपलब्ध साठ्याचे अंदाज वास्तवापेक्षा फुगलेले होते. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. तोड नीट व्हावी म्हणून ते साफ करण्याचा प्रघात होता आणि तो शास्त्रशुद्ध समजला जाई. प्रत्यक्षात त्या काट्यांमुळेच कोवळ्या कोंबांचे गुरे व वन्यप्राण्यांपासून रक्षण होत असे. काटे काढल्यावर कोंब खाल्ले जाऊ लागले आणि बेटांची वाढ खुंटली. ग्रामस्थांना ही गोष्ट माहीत होती.

नकाशावर बांबूचे क्षेत्र तेच राहिले असते. त्या क्षेत्राच्या आत बेट जगते आहे की मरते आहे, हे नकाशा सांगत नाही. ते पाहण्यास वनरक्षकाचे आणि गावकऱ्याचे डोळे लागतात.

उपग्रहाची दृष्टी व तिच्या मर्यादा

1981 मध्ये डेहराडून येथे भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली आणि 1987 मध्ये तिचा देशातील वनांविषयीचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. त्या वेळी 1:10,00,000 प्रमाणावर काम झाले आणि 400 हेक्टरपेक्षा लहान वनखंड नकाशावर आलेच नाहीत. 2001 च्या अहवालापासून 1:50,000 प्रमाणावर एक हेक्टरपर्यंतचे वन टिपले जाऊ लागले. लिस-3 या भारतीय संवेदकाच्या प्रतिमेतील एक चित्रबिंदू जमिनीवर 23.5 मीटर लांब-रुंद असतो. म्हणजे एका हेक्टरात सुमारे अठरा चित्रबिंदू बसतात. वृक्षछत्राची घनता 70 टक्के किंवा अधिक असल्यास अतिदाट, 40 ते 70 टक्के असल्यास मध्यम दाट, 10 ते 40 टक्के असल्यास विरळ वन आणि त्याखाली झुडपी क्षेत्र, अशी वर्गवारी आहे. 2021 च्या अहवालानुसार महाराष्ट्राचे वनाच्छादन 50,798 चौरस किलोमीटर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या 16.51 टक्के होते. त्यात अतिदाट वन 8,734, मध्यम दाट 20,589 आणि विरळ 21,475 चौरस किलोमीटर होते. राज्याच्या वनाच्छादनापैकी सुमारे 42 टक्के वन विरळ गटात मोडते, हा आकडा एकूण टक्केवारीपेक्षा अधिक विचार करावयास लावणारा आहे.

हे आकडे वाचताना पुढील मर्यादा ध्यानात ठेवाव्यात.

1) वनाच्छादन म्हणजे वन नव्हे. जमिनीची मालकी व वापर कोणताही असो, एक हेक्टरवर दहा टक्के वृक्षछत्र असेल तर ते वनाच्छादन गणले जाते. कोडगूमधील सावलीच्या झाडांखालील कॉफीचे मळे आणि कोकणातील आंबा-काजूच्या बागा याच हिरव्या रंगात मिसळतात. घाटमाथ्यावरचे वन तुटले आणि तेवढ्याच क्षेत्रावर रबराची लागवड झाली, तर एकूण आकडा तसाच राहतो.

2) ऋतूनुसार चित्र बदलते. पानझडी वन फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण असते व उजाड भासते. म्हणून पावसाळा संपल्यानंतरच्या, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्रतिमा वापरल्या जातात.

3) छत्राखालचे दिसत नाही. म्हैसूर परिसरातील वनांत घाणेरीचा फैलाव मोठा आहे. वरून वन दाट दिसते, पण खाली घाणेरीमुळे नवी रोपे उगवत नाहीत. त्या वनाला वर्तमान आहे, भविष्य नाही.

4) एकेकटे वृक्ष निसटतात. चंदन हे त्याचे म्हैसूरमधील उत्तम उदाहरण. टिपूने 1792 मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवले. 1916 मध्ये म्हैसूरला सरकारी चंदनतेल कारखाना सुरू झाला. तथापि चंदन इतर झाडांच्या मुळांवर अंशतः पोसले जाते आणि विखुरलेले उगवते. त्याचे सलग वन क्वचितच असते. सर्वांत मौल्यवान वृक्ष अशा रीतीने वनस्पती-नकाशाबाहेर राहतो. त्याची झाडनिहाय गणतीच करावी लागते.

नकाशा कोणाचा?

12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने वनांतील तोड केंद्र सरकारने मान्य केलेल्या कार्य आयोजनेशी जोडली. त्यामुळे आयोजनेला जोडलेल्या नकाशाला वेगळेच वजन आले. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर हा हक्क मिळाला आणि 2011 मध्ये गावाने स्वतः बांबूची विक्री सुरू केली. अशा गावाला आपल्या हद्दीचा, बांबूच्या बेटांचा, पाणवठ्यांचा आणि चराऊ जागांचा नकाशा हवाच. कारण यंदा कोठे तोडावयाचे आणि कोठे थांबावयाचे हा निर्णय आता त्याचाच आहे.

या दृष्टीने पुढील बाबींवर भर देणे इष्ट ठरेल :

• कार्य आयोजना सुधारताना प्रथम वनप्रकार व घनता यांचा नकाशा करावा आणि मगच नमुना भूखंड ठरवावेत.

• नैसर्गिक वन, रोपवन आणि बागायत हे वर्ग नकाशावर स्वतंत्र दाखवावेत.

• जुनी वनस्पती-पत्रके आजच्या प्रतिमांशी ताडून अवनतीचा वेग कक्षनिहाय काढावा.

• नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र यांसारख्या संस्थांकडील माहिती ग्रामसभांना मराठीत, गावाच्या हद्दीसह मिळावी.

• नकाशा अंतिम करण्यापूर्वी वनरक्षक आणि ग्रामस्थ यांनी तो हातात घेऊन प्रत्यक्ष वनात फिरावे. चुका जागच्या जागी नोंदवाव्यात.

यांतील शेवटची बाब सर्वांत कमी खर्चाची आहे आणि बहुधा तीच वगळली जाते. ब्रँडिस यांनी काठीवर पाडलेली खाच आणि उपग्रहाने टिपलेला चित्रबिंदू यांत दीड शतकाचे अंतर आहे. परंतु झाडापर्यंत चालत जाणे दोहोंनाही चुकलेले नाही. नकाशा आणि जमीन यांत अंतर पडले तर जमिनीचे ऐकावे आणि नकाशा दुरुस्त करावा. तोडीचा आदेश निघण्यापूर्वी ही दुरुस्ती झाली, तरच पुढील साठ वर्षांच्या वनाला तिचा उपयोग होईल.